धरण उशाला, कोरड घशाला आणि बिल दाराला : समाविष्ट गावांनी आता नेमकं मागायचं काय?

मुठाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार. सिंहगड रोडला वडगावच्या पुढे राहणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढतेय, म्हणजे धायरी, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी. खरं तर वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगेवाल्यांनीही यावं, कारण दुखणं एकच आहे.

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि पुण्याला परत नगरसेवक मिळाले. १४ मार्च २०२२ ला आधीच्या सभागृहाची मुदत संपली तेव्हापासून प्रशासकच होते. म्हणजे प्रस्ताव आयुक्तांचा, स्थायी समिती म्हणूनही आयुक्तच आणि मुख्य सभा म्हणूनही आयुक्तच. जुन्या शहरातल्या लोकांना निदान माजी नगरसेवक फोनवर सापडायचा. आपली २३ गावं ३० जून २०२१ ला महापालिकेत गेली, ग्रामपंचायत बरखास्त झाली, आणि महापालिकेत आपला म्हणून एकही माणूस निवडून जायच्या आधीच सभागृह संपलं. सरपंच गेला आणि नगरसेवक आलाच नाही. २०१७ ला गेलेल्या ११ गावांना (धायरी त्यातलंच) तरी मिळून दोन नगरसेवक मिळाले होते, तेही २०१९ च्या पोटनिवडणुकीत, आपल्याला तेवढंही नाही. साडेचार वर्षं आपण कर लागलेले पण मत नसलेले लोक होतो.

आता माणसं निवडून आलीत. पहिले काही महिने सगळेच ऐकून घेतात, म्हणून म्हणते की आत्ताच नीट एका सुरात काय ते मागूया. प्रचारात सगळ्या पक्षांनी घरपट्टीबद्दल काही ना काही बोलून घेतलं आणि टाळ्या मिळवल्या. मला ते पटत नाही आणि मी स्पष्टच लिहिते. करमाफी मागण्यात आपण फसतोय. माफी मागितली की आपण फुकटे ठरतो आणि मग पाण्याचं विचारायला तोंड उरत नाही. माझं म्हणणं एवढंच की बिलात ज्या सेवेचा कर लावलाय ती सेवा आमच्या दारात आली का ते आधी दाखवा. आली असेल तर पूर्ण कर घ्या, आम्ही भरतो, आली नसेल तर तेवढी ओळ बिलातून काढा आणि ती सेवा कधी देणार ती तारीख लिहून द्या.

घरपट्टीचं बिल एकदा हातात घेऊन बसा. आपण बहुतेक जण खालचा एकूण आकडा बघतो, कळवळतो आणि बाजूला ठेवतो. वरची यादी वाचा. सर्वसाधारण कर आहे, सफाईपट्टी आहे, जललाभ कर, जलनिःसारण लाभ कर, शिक्षणकर, वृक्षकर वगैरे. आता प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने लिहा की हे मला मिळतं का. रस्त्यावरचे दिवे, घंटागाडी, फायर ब्रिगेड, हो, कमीजास्त मिळतं. पण शुद्धीकरण केलेलं पाणी? ड्रेनेज लाइन? मी लिहून बघितलं आणि त्या दोन ओळींपाशी थांबले.

पाण्याबद्दल सविस्तर खाली कोणीतरी जाणकाराने लिहावं. मला एवढंच माहितीय की खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांचं मिळून २९.१५ टीएमसी पाणी आपल्या डोक्यावर साठतं, त्यातलं शहराचं पाणी आपल्या अंगावरून पाइपातून पर्वतीला जातं, तिथे स्वच्छ होतं आणि पुढच्या लोकांच्या नळाला येतं. आपल्याकडे मात्र धरणाचंच पाणी विहिरीत घेऊन, त्यात क्लोरीन टाकून सोडतात. गाळण नाही. जानेवारी २०२५ ला जीबीएसची (गियान-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) जी साथ आली ती इथल्या कोणाला सांगायची गरज नाही.

तर चर्चा करू. मला ३१ मार्चच्या आत एक पत्र द्यायचंय, बजेट मंजूर व्हायच्या आधी. राजकीय पक्षांवरून भांडण नको, कृपया.

नऱ्हेकर

ताई अगदी मनातलं लिहिलंत. आमच्याकडे निम्म्या सोसायट्या बारा महिने टँकरवर आहेत आणि एप्रिल-मे मध्ये तर टँकरवाला सांगेल तो भाव, वर सकाळी सहाला येतो म्हणून दुपारी दोनला येणार. सोसायटीच्या मेंटेनन्समधला सगळ्यात मोठा खर्च काय म्हणाल तर पाणी, सिक्युरिटी नाही लिफ्ट नाही पाणी. आणि त्या टँकरचं पाणी कुठून भरलंय हे विचारायची सोय नाही. जीबीएसच्या वेळी टँकर भरतात ती ठिकाणं तपासली, खासगी आरओ प्लांट बंद केले, तेव्हा कळलं की आपण वर्षानुवर्षं काय पीत होतो. वीस लिटरचा जार स्वच्छ असतो अशी सगळ्यांची समजूत होती.

पत्राला माझी सही धरा.

गावकीतला

मी इथलाच, मूळ गावचा. फ्लॅटवाल्यांचं दुखणं पाणी आहे मान्य, पण गावठाणातल्या लोकांचं दुखणं वेगळं आहे ते पण घ्या. गावात लोकांनी ग्रामपंचायतीच्या काळात घरं बांधली, रस्त्यालगत शेड टाकून वर्कशॉप, गोडाऊन काढले, कारण जमिनी गेल्या, शेती उरली नाही, भाड्यावर घर चालतं. ग्रामपंचायतीला नोंद होती, कर भरत होते. महापालिकेत गेल्यावर तीच बांधकामं अनधिकृत धरली आणि तिप्पट आकारणी. वर थकबाकीला महिन्याला दोन टक्के शास्ती. दोन टक्के म्हणजे वर्षाला २४. गावात अशी माणसं आहेत की ज्यांचं बिल त्यांच्या भाड्याच्या पुढे गेलं. २०२४ मध्ये शासनाने वसुलीला स्थगिती दिली म्हणून श्वास घेतला, पण स्थगिती म्हणजे माफी नाही ना, आकडा मागे वाढतोच आहे अशी सगळ्यांना धास्ती आहे. स्थगिती उठली तर एकदम सगळं अंगावर येणार.

तेव्हा ताई तुम्ही माफी नको म्हणता ते फ्लॅटवाल्यांना ठीक आहे. आम्हाला तिप्पट रद्द करून पाहिजे.

मुठाकाठची

@गावकीतला दादा, बरोबर आहे तुमचं, आणि हे माझ्या डोक्यात होतं पण लिहिलं नाही. तिप्पट आकारणी हा दंड आहे, सेवेचा कर नाही, त्यामुळे तो मुद्दा वेगळा लिहूया. ग्रामपंचायतीची नोंद असलेल्या जुन्या बांधकामाला दंड नको, साधा दर लावा, एवढंच म्हणू. आणि शास्ती सेवा सुरू झाल्यापासून धरा. हे मागताना तुम्ही बरोबर असाल तरच वजन येईल, नाहीतर आम्ही बाहेरून आलेले आणि तुम्ही गावचे असं करून दोघांनाही गप्प बसवतात.

पेठकर

मी पुण्याच्या जुन्या भागात राहतो, तरी लिहितो, राग मानू नये. आम्हीही पन्नास वर्षं कर भरतोय. आमच्या वाड्यांमध्येही दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. १९९७ ला ३८ गावं आली, पुढे त्यातली काही परत बाहेर गेली, मग २०१७, मग २०२१, क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेलं, मुंबईपेक्षा मोठं. प्रत्येक वेळी नवीन भागाचे रस्ते, पाइप, शाळा, दवाखाने कोणाच्या पैशाने होणार? जे आधीपासून कर भरतात त्यांच्याच ना? आणि बिल्डरने टेकडीच्या कुशीत बिल्डिंग बांधली तेव्हा पाणी नाही हे दिसत होतं, स्वस्त म्हणून घेतलं. २०२५-२६ चं बजेट १२,६१८ कोटींचं होतं, आकडा मोठा वाटतो पण वाटेकरीही तितके वाढलेत.

तुमची मागणी चूक म्हणत नाही. पण "आमच्याकडे काही नाही म्हणून आम्ही भरणार नाही" हे म्हटलं की बाकीचं शहर तुमच्या बाजूने उभं राहणार नाही हे लक्षात घ्या.

नऱ्हेकर

@पेठकर स्वस्त म्हणून घेतलं हे वाक्य लागलं. वीस वर्षांचं कर्ज आहे साहेब. शहरात घेण्यासारखं काही ठेवलंय का मध्यमवर्गाला?

मुठाकाठची

@पेठकर काका, राग नाही, उलट तुम्ही आलात ते बरं झालं. मी तेच म्हणतेय की माफी मागायची नाही. आणि "कोणाच्या पैशाने" हा प्रश्न तुम्ही विचारलात तोच आम्हालाही विचारायचाय. आमच्या गावांत ज्या इमारतींना परवानगी मिळाली त्यांचं विकास शुल्क कुठे गेलं? ते महापालिकेत आलंच नाही. वाघोलीकडच्या कोणाला याची नीट माहिती असेल तर लिहा प्लीज.

वाघोलीकर

लिहितो. २३ गावं महापालिकेत गेली पण पुढच्याच महिन्यात शासनाने त्या गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) ठेवलं. त्यामुळे बांधकाम परवानगी पीएमआरडीए देणार, त्याचं शुल्क पीएमआरडीए घेणार, आणि पाणी, कचरा, ड्रेनेज, दिवे हे सगळं महापालिकेने करायचं. पैसा एकाकडे, काम दुसऱ्याकडे. महापालिकेने तो पैसा मागायचा, त्यांनी आम्हीच रस्ते करतोय म्हणायचं, आणि आपण दोन ऑफिसांच्या मधे लोंबकळायचं.

त्यात अजून एक गोष्ट आहे जी फ्लॅट घेताना कोणी वाचत नाही. परवानगी घेताना बिल्डरने हमीपत्र दिलेलं असतं की महापालिकेचं किंवा जी कोणती संस्था असेल तिचं पाणी येईपर्यंत रहिवाशांना पाणी मी देईन. सोसायटी हस्तांतर झाली की बिल्डर हात वर करतो आणि लोक आपसात वर्गणी काढून टँकर मागवतात. आमच्याकडे एका सोसायटीने माहिती अधिकारात परवानगीची पूर्ण फाइल काढली, त्यात ते हमीपत्र निघालं, सही शिक्क्यासकट, आणि मग बिल्डरशी बोलायची भाषाच बदलली. पूर्ण नाही पण टँकरचा काही भार त्याने उचलला. तर प्रत्येक सोसायटीने आपापल्या फाइलमधलं हमीपत्र काढा. हे पत्र-बित्र देण्याच्या आधी करा.

आणि विकास आराखडा? पीएमआरडीएने २०२१ ला प्रारूप काढला, लोकांनी ढिगाने हरकती घेतल्या, सुनावण्या झाल्या, आणि २०२५ ला शासनाने तो आराखडाच गुंडाळला. म्हणजे कुठला रस्ता कुठून जाणार, टाकीला जागा कुठे, काहीच ठरलेलं नाही. टाकीला जागा नाही म्हणून पाणी नाही, आराखडा नाही म्हणून जागा नाही.

लॅबवाली

पाण्याबद्दल मी लिहिते, माझं कामच पाणी तपासणीचं आहे.

धरणाचं पाणी शुद्ध करायचं तर आधी त्यात तुरटी टाकतात, मग गाळ एकत्र येऊन खाली बसतो, मग वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि सगळ्यात शेवटी क्लोरीन. पर्वती, वडगाव, वारजे इथल्या केंद्रांत हे सगळं होतं. नुसतं क्लोरीन टाकलं आणि आधीचं काहीच केलं नाही तर काय होतं? पाणी गढूळ असेल तर टाकलेलं क्लोरीन त्या गाळातल्या सेंद्रिय पदार्थांवरच खर्च होतं, जंतूंसाठी उरतच नाही. पावसाळ्यात हे जास्त. शिवाय लाइन जिथे फुटकी असते आणि शेजारून गटार वाहतं तिथे पाणी बंद असताना घाण आत ओढली जाते, म्हणून नळाच्या टोकाला सुद्धा थोडं क्लोरीन शिल्लक लागतं, किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर.

हे घरी बघता येतं. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीनचं छोटं किट मिळतं, काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि पेटीवरच्या रंगाशी जुळवायचं. फिकट पिवळं आलं तर क्लोरीन आहे, पाण्यासारखंच पांढरं राहिलं तर नाही. जीबीएसच्या साथीत मी आमच्या गल्लीत हे केलं तेव्हा लाइनच्या सुरुवातीच्या घरात गडद पिवळं आणि शेवटच्या चार घरांत काहीच नाही, एकाच दिवशी, एकाच तासात. त्यामुळे विहिरीवर क्लोरीन टाकलं म्हणजे घरात पोचलं असं नाही. सोसायट्यांनी आपल्या टाकीत आणि वरच्या मजल्याच्या नळाला दोन्हीकडे बघा, तारीख वेळ लिहून फोटो ठेवा. किटमधलं द्रावण अंगाला लावून घेऊ नका आणि तपासलेलं पाणी पिऊ नका, हे महत्त्वाचं.

जीबीएसबद्दल एक सांगते कारण अजून गैरसमज आहेत. जीबीएस स्वतः पाण्यातून येत नाही. पाण्यातून किंवा अर्धकच्च्या चिकनमधून कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सारखा जंतू पोटात जातो, जुलाब होतात, ते बरेही होतात, आणि नंतर काहींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. पायाला मुंग्या, जिना चढता येत नाही, मग वर वर येतं. एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्था) तपासणीत रुग्णांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले होते. राज्यात संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि त्यातले बरेच आपल्याच पट्ट्यातले होते. त्यामुळे गाळून शुद्ध केलेलं पाणी ही सोयीची मागणी नाही, ही जिवाची मागणी आहे. पत्रात हे पहिलं लिहा, घरपट्टी नंतर.

नांदेड_फाटा

लॅबवाली ताईंना पूर्ण अनुमोदन. आमच्या नात्यातला मुलगा त्या साथीत आयसीयूत होता, वाचला, पण चालायला परत शिकावं लागलं. इंजेक्शनचा खर्च ऐकून घरचे खाली बसले होते. त्यानंतर एक-दोन महिने सगळे आले, टाक्या धुतल्या, गोळ्या वाटल्या, पाण्याचे नमुने नेले. साथ ओसरली आणि येणंही ओसरलं. त्या नमुन्यांचे रिझल्ट नियमित लावले पाहिजेत, दर आठवड्याला, गावातल्या चौकात, बोर्डावर. लपवण्यासारखं काय आहे त्यात.

फुरसुंगी_लाइन

एक वेगळा मुद्दा. आमची फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ ला आत गेली आणि सप्टेंबर २०२४ ला बाहेर पडली, स्वतंत्र नगरपरिषद झाली, डिसेंबर २०२५ ला निवडणूकही झाली. इतकी वर्षं शहराचा कचरा आमच्या डेपोत, आणि घरपट्टी शहराच्या दराने, म्हणून लोक म्हणाले नको आम्हाला महापालिका. तुम्हीपण स्वतंत्र का मागत नाही? माझं मत, दर कमी होतो आणि ऑफिस जवळ येतं हे खरं, पण नगरपरिषदेकडे पैसा किती, स्टाफ किती याचा विचार आधी करा. पाण्याचा मोठा प्रकल्प नगरपरिषदेच्या खिशातून होत नाही, शासनाकडेच जावं लागतं. मी बाहेर पडण्याच्या बाजूने होतो आणि आजही आहे, पण पाणी लगेच येईल या आशेने कोणी करू नका.

गावकीतला

स्वतंत्र झालो तर बरंच. पण धरण आमच्या गावात आणि पाणी मागायला परत महापालिकेकडेच जायचं असं होणार.

काळाकोट

वकिली करतो, मालमत्ता कराची काही प्रकरणं बघितलीत. थोडक्यात.

एक, दर. महापालिका अधिनियमात कलम १२९ अ आहे, नवीन आलेल्या भागात पूर्ण कर एकदम लावता येत नाही, ग्रामपंचायतीच्या दरापासून सुरू करून दरवर्षी २० टक्क्यांनी वाढवत नेतात. आपलं बिल त्या टप्प्यांप्रमाणे आलंय का ते तपासा. २०२१ च्या गावांचे टप्पे आता संपत आलेत, म्हणजे सवलतीची वर्षं सेवा नसतानाच गेली. हा मुद्दा पत्रात घाला, सेवा सुरू झाल्यापासून टप्पे मोजा असं म्हणा. ते मान्य करायला शासनाचा निर्णय लागेल, महापालिका एकटी करू शकत नाही, तेव्हा पत्राची प्रत नगरविकास विभागाला पाठवा.

दोन, पाणी. कायद्यात पाणीपट्टी लावायची तर मिळकतीला महापालिकेच्या पाण्याचं कनेक्शन पाहिजे, किंवा आयुक्तांनी त्या भागात पुरेसं पाणी उपलब्ध आहे अशी जाहीर नोटीस काढलेली पाहिजे. लाभ कर ही वेगळी गोष्ट आहे, त्याचं समर्थन महापालिका वेगळ्या पद्धतीने करते, म्हणून सरळ "बेकायदा आहे" असं लिहू नका. "आमच्या मिळकतीला हा कर कोणत्या आधाराने लावला, लेखी कळवा" असं लिहा. लेखी उत्तर हातात आलं की पुढचं सगळं सोपं होतं. उत्तर नाही आलं तरी तेही कागदावर राहतं.

तीन, हरकत घेतली म्हणून बिल न भरता बसू नका. ज्यांच्या वसुलीला स्थगिती नाही त्यांनी निषेध नोंदवून भरा, नाहीतर महिन्याची दोन टक्के चालूच.

पेठकर

आता पटतंय. ज्याची सेवा नाही त्याचा कर नको, बाकी पूर्ण भरतो, ही भूमिका मी माझ्या सोसायटीतही मांडू शकतो. आणि पीएमआरडीएचा हिशोब जाहीर करा ही मागणी तर जुन्या शहरानेही करायला पाहिजे, तो पैसा आला तर आमच्यावरचा भार कमी होईल. माझी सही चालत असेल तर घ्या.

आंबेगाव_बुद्रुक

थोडं अवांतर, पण पुष्कळ लोकांना माहीत नाही म्हणून. स्वतःच्या फ्लॅटमध्ये स्वतः राहत असाल तर वार्षिक करपात्र रकमेत ४० टक्के सवलत आहे. ही १९७० पासूनची पुण्याची सवलत, मधे बंद केली, २०२३ ला शासनाने परत दिली. पण नवीन आकारणी झालेल्यांना आपोआप मिळत नाही, पीटी-३ फॉर्म भरावा लागतो. मतदान कार्ड, गॅस कार्ड असे राहण्याचे पुरावे, सोसायटीचा दाखला आणि २५ रुपये. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या लोकांनी भरलाच नव्हता आणि ते पूर्ण कर भरून महापालिकेला नावं ठेवत होते. आधी आपलं बिल चेक करा.

सनसिटी_जवळ

पाण्याचा विषय निघालाच आहे तर २५ जुलै २०२४ पण लिहा. रात्रीत धरणातून पाणी सोडलं आणि एकता नगरीत तळमजल्यांवर कमरेच्या वर पाणी. लोकांना वेळेत सूचना मिळाली नाही. दर पावसाळ्यात आता झोप लागत नाही तिकडे.

मुठाकाठची

@सनसिटी_जवळ, तो विषय मोठा आहे आणि महत्त्वाचा आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन. इथे घातला तर पत्रात दहा मागण्या होतील आणि दहा मागण्यांच्या पत्राला "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल" एवढंच उत्तर येतं.

कोथरूड_ते_सूस

मागण्या कमी ठेवा हे बरोबर. अजून एक सुचवतो, कायद्यात एरिया सभा म्हणून तरतूद आहे, ग्रामसभेसारखी, प्रभागातल्या मतदारांना बोलवून कामं ठरवायची. कागदावर आहे, प्रत्यक्षात कुठे दिसत नाही. गावांना ग्रामसभेची सवय आहे, वर्षातून चार वेळा सरपंचाला सगळ्यांसमोर उभं करायचो. महापालिकेत आल्यावर ते बंद झालं. नवीन नगरसेवकांनी स्वतःहून दर तीन महिन्यांनी गावातल्या देवळासमोर किंवा शाळेत बसायचं कबूल करावं, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि पुण्यात २००६ पासून सहभागी अंदाजपत्रक आहे, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून नागरिक कामं सुचवू शकतात. फूटपाथ, दिवे, बाकडी, बस शेल्टर अशी छोटी कामं. शुद्धीकरण केंद्र यातून होणार नाही पण चौकातला पाण्याच्या रिझल्टचा बोर्ड नक्की होईल. त्याचे फॉर्म साधारण पावसाळ्याच्या शेवटी निघतात, लक्ष ठेवा.

नांदेड_फाटा

ग्रामसभेचं पटलं. आमच्याकडे ग्रामसभेत म्हातारी माणसं सुद्धा उठून विचारायची, विहिरीतला गाळ कधी काढणार, मोटर का जळाली. आता विचारायचं कोणाला हेच त्यांना कळत नाही, ॲपवर तक्रार करा म्हणतात.

मुठाकाठची

सगळ्यांचं वाचून पत्राचा मजकूर असा केलाय, बघा.

"समाविष्ट गावांतील रहिवासी म्हणून आम्ही कर भरण्यास तयार आहोत. आमची पहिली मागणी गाळून शुद्ध केलेल्या पाण्याची आहे. आमच्या भागासाठी जलशुद्धीकरण केंद्र किंवा जवळच्या केंद्रातून जोड यापैकी काय करणार, त्यासाठी या वर्षीच्या अंदाजपत्रकात किती तरतूद आहे आणि काम कधी पूर्ण होणार हे लेखी कळवावे. तोपर्यंत विहिरीच्या आणि लाइनच्या टोकाच्या घरांतील पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष दर आठवड्याला गावात जाहीर लावावेत. शुद्ध पाणी व ड्रेनेज सुरू होईपर्यंत त्या दोन सेवांचे कर आमच्या बिलातून वगळावेत, आणि आजवर ते कोणत्या आधाराने लावले ते कळवावे. कर वाढीचे टप्पे सेवा सुरू झाल्याच्या वर्षापासून मोजावेत. ग्रामपंचायतीच्या नोंदीतील जुन्या बांधकामांना तिप्पट आकारणी न करता साधा दर लावावा. आमच्या गावांतील बांधकामांपोटी पीएमआरडीएकडे जमा झालेले शुल्क आणि गावांवर झालेला खर्च याचा गाववार हिशोब जाहीर करावा."

@काळाकोट, कायद्याच्या भाषेत काही चुकत असेल तर दुरुस्त करा. @गावकीतला दादा, तिप्पटचं वाक्य चालेल ना?

गावकीतला

चालेल. "शास्ती माफ" पण घाला, मग गावातल्या सह्या मी आणतो. मारुतीच्या देवळात शनिवारी सगळे असतात, तिथेच होऊन जाईल.

काळाकोट

"शास्ती माफ" ऐवजी "सेवा सुरू होण्यापूर्वीच्या कालावधीची शास्ती आकारू नये" असं लिहा. बाकी ठीक. पत्र आयुक्तांना, प्रत स्थायी समिती अध्यक्षांना, आपल्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना, पीएमआरडीएला आणि नगरविकास विभागाला. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का आणि नंबर घ्या, मेलवर भागवू नका. तीस दिवसांनी त्या आवक नंबरवर माहिती अधिकारात विचारायचं की पत्रावर काय केलं.

नऱ्हेकर

धायरीचे लोक दोन प्रभागांत विभागलेत, काही ३३ मध्ये शिवणे-खडकवासल्याबरोबर, काही ३४ मध्ये नऱ्हे-वडगावबरोबर. म्हणजे प्रती दोन्हीकडच्या नगरसेवकांना, आठ. धायरीचं नक्की कोण बघतंय?

लॅबवाली

धायरी मी. सह्यांबरोबर टोकाच्या घरांतले ओटीचे फोटो पण गोळा करते, तारीख वेळेसकट, पत्राला जोडू. ज्यांच्याकडे किट नाही त्यांनी इथे लिहा, आमच्या सोसायटीत जास्तीची आहेत.

मुठाकाठची

शास्तीचं वाक्य बदललं. किरकटवाडी-खडकवासला माझ्याकडे, नांदेड @नांदेड_फाटा, नऱ्हे @नऱ्हेकर, गावठाण @गावकीतला दादा. वाघोलीचं पत्र वेगळं जाऊ दे पण मजकूर हाच ठेवा, म्हणजे दोन्हीकडून एकच मागणी पोचेल. सोमवारपर्यंत सह्या झाल्या तर मंगळवारी शिक्का मारायला जाऊ. कामावरून सुट्टी काढून कोणी दोघं येऊ शकत असतील तर सांगा, सहा ठिकाणी फिरायचंय.

पेठकर

मंगळवारी मी येतो. महापालिका माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं आहे, आवक विभाग कुठल्या बाजूला आहे ते मला माहीत आहे. साडेदहाला मेन गेटपाशी भेटू.